पटावरची धाव आणि छापील नोंद : झाडीपट्टीतील शंकरपटाच्या वृत्तांकनाचा आढावा

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आणि त्यांना लागून असलेले भंडारा व गोंदिया हे जिल्हे मिळून जंगलाचा आणि भातशेतीचा जो सलग प्रदेश होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. या प्रदेशाचे सामाजिक वेळापत्रक धानाच्या पिकावर ठरते. धान कापून झाले, बांध्या कोरड्या पडल्या आणि बैलांना कामातून सवड मिळाली की भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात, आणि तेथपासून थेट होळीपर्यंत गावोगावी शंकरपट आणि नाटके यांचा हंगाम चालतो. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी येथे इतकी रूढ आहे की पटासाठी आलेला पाहुणा नाटकासाठी मुक्कामाला राहतो आणि नाटकासाठी आलेली लेक जावयासह दुपारी पटावर जाते. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि आता भ्रमणध्वनीवरील चित्रफिती या माध्यमांनी या शर्यतीची नोंद कशी घेतली, आणि मुंबई-पुण्याच्या घोडेशर्यतींची जशी नोंद होते तशी ती का झाली नाही, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहिले पाहिजे, कारण वृत्तांकनातील उणिवा खेळाच्या अंगानेच समजतात. विदर्भातील पटात दोन बैलांची एक जोडी हलक्या छकड्याला जुंपतात आणि ती हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. मोकळ्या शेतात आखलेल्या सरळ धावपट्टीवर जोडी सोडली की काही सेकंदांत सारा निकाल लागतो. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात आणि जिंकणारी जोडी पुढच्या फेरीत जाते, तर काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या शतांश भागापर्यंत मोजलेल्या वेळेवरून क्रम लागतो. महाराष्ट्रातील इतर शर्यतींहून हा प्रकार वेगळा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत बैलगाडा चढाच्या घाटात धावतो आणि त्याच्या पुढे घोडी पळते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे लांब पल्ल्याच्या आणि चिखलातल्या शर्यतींचेही प्रकार आहेत. या सर्वांना ‘बैलगाडा शर्यत’ या एकाच नावाखाली बसवून मुंबईहून लिहिलेल्या बातम्यांमध्ये झाडीपट्टीच्या पटाचे वेगळेपण बहुधा हरवते, आणि घाटातल्या शर्यतीचे छायाचित्र विदर्भातील पटाच्या बातमीला लावले जाते.

जिल्हा आवृत्त्यांमधील पटाची बातमी एका ठरलेल्या साच्यात येते. मथळ्यात ‘जंगी’ किंवा ‘भव्य इनामी’ असे विशेषण असते. पहिल्या वाक्यात उद्‌घाटक, दुसऱ्यात अध्यक्ष, त्यानंतर प्रमुख पाहुण्यांची नावे पदांसह, मग आयोजक मंडळाचे पदाधिकारी, आणि शेवटी पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या बक्षिसाची रक्कम. जिंकलेल्या जोडीच्या मालकाचे नाव आले तर येते, पण धुरकऱ्याचे नाव क्वचित येते, बैलांची नावे त्याहून क्वचित, आणि धावपट्टीची लांबी व लागलेला वेळ जवळजवळ कधीच येत नाही. ज्या घटनेसाठी पंचक्रोशी गोळा झाली, ती काही सेकंदांची धाव बातमीत नसते. तिच्याभोवतीचा मंडप मात्र तपशीलवार असतो. याचा दोष एकट्या बातमीदारावर टाकणे अन्यायाचे होईल. तालुक्याचा बातमीदार बहुधा अर्धवेळ काम करतो, जाहिराती आणि वितरण हेही त्याच्याच अंगावर असते, आणि शुभेच्छांच्या जाहिराती देणारी माणसेच मंचावर बसलेली असतात. क्रीडा पान जेथे तयार होते ते संपादकीय कार्यालय नागपुरात असते आणि पटाची बातमी तेथपर्यंत खेळ म्हणून पोहोचतच नाही. ती गावाकडचा कार्यक्रम म्हणून जिल्ह्याच्या पानावर राहते.

याच्या शेजारी घोडेशर्यतीचा छापील इतिहास ठेवला म्हणजे अंतर किती आहे ते कळते. इंग्लंडमध्ये जॉन चेनी या गृहस्थाने १७२७ साली वर्षभरातील घोडेशर्यतींच्या निकालांची यादी छापण्यास आरंभ केला, आणि १७९१ साली वेदरबी घराण्याकडून ‘जनरल स्टड बुक’ ही घोड्यांच्या वंशावळींची वही प्रसिद्ध झाली. यांतली पहिली शर्यतीची नोंदवही आणि दुसरी प्राण्याची. पुढच्या दोन-सव्वादोन शतकांतले सारे शर्यत-वृत्तांकन या दोन वह्यांवर उभे राहिले. इंग्रजी अमलासोबत ही पद्धत भारतात आली. पुण्याचे शर्यतीचे मैदान १८३० सालचे, मुंबईच्या महालक्ष्मीचे १८८३ सालचे, आणि दोन्हींचा कारभार आज रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पाहतो. महालक्ष्मीवर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्या महाराजांच्या मालकीच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली, आणि चोवीसशे मीटरच्या या शर्यतीचे त्यानंतरचे निकाल घोडा, मालक, प्रशिक्षक आणि स्वार यांच्या नावांसह आजही सहज सापडतात. शर्यतीच्या दिवशी मिळणाऱ्या रेसकार्डात, म्हणजे शर्यतींच्या छापील तपशीलपत्रात, प्रत्येक घोड्याचे आईबाप, वय, पाठीवरचे वजन आणि पूर्वीची कामगिरी दिलेली असते. बलवान घोड्यावर अधिक वजन लादून सर्वांना समान पातळीवर आणण्याच्या पद्धतीला हँडिकॅप म्हणतात, आणि मागील नोंदी असल्याखेरीज तो ठरवताच येत नाही. या खेळात नोंद खेळाच्या आत शिरलेली आहे. ती काढली तर शर्यतच भरवता येणार नाही.

या काटेकोरपणाच्या मागे खेळावरच्या प्रेमापेक्षा पैशाचे बळ अधिक आहे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. पैज लावणाऱ्याला मागील वेळ, जमिनीची स्थिती, स्वाराचा अनुभव आणि घोड्याची वंशावळ हवी असते. त्या माहितीसाठी तो वर्तमानपत्र आणि अंदाजाची पुस्तिका विकत घेतो, आणि त्याच्या खिशातून आलेल्या पैशावर शर्यतीचा खास वार्ताहर पोसला जातो. कायद्यानेही या व्यवहाराला वेगळी जागा दिली. मुंबई इलाख्यात जुगारावर १८८७ च्या कायद्याने बंधने आली, परंतु १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली परवाना मिळालेल्या मैदानावरील घोड्यांवरच्या पैजेला मोकळीक राहिली, आणि १२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात घोडेशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. बैलांच्या शर्यतीला असा कायदेशीर पैजेचा आधार कधीच नव्हता आणि तो मिळावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणारही नाही; पटावर लपूनछपून लागणाऱ्या पैजांपायी शेतकऱ्याने जोडी विकल्याची उदाहरणे गावाला ठाऊक असतात. मात्र याचा परिणाम असा झाला की पटाच्या तपशिलासाठी पैसे मोजणारा वाचकच निर्माण झाला नाही. पटाची नोंद व्हायची असेल तर तिला पैजेपेक्षा वेगळे कारण लागेल, आणि ते कारण जनावराची काळजी व धुरकऱ्याचे कसब या दोन गोष्टींतच मिळू शकते. घोडेशर्यतीच्या पत्रकारितेकडून नोंदीची शिस्त घ्यावी आणि तिच्या मुळाशी असलेला व्यवहार तिथेच सोडावा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

घोड्यांच्या बाबतीतही सर्वसामान्य वाचकापर्यंत खेळ पोहोचतोच असे नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. शर्यतीच्या पानाबाहेर इंडियन डर्बीची बातमी आली की तिच्यात पाहुण्यांचे पोशाख, टोप्या आणि चित्रपटतारका यांचीच छायाचित्रे भरतात. महालक्ष्मीच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचा वाद जेव्हा जेव्हा पेटतो तेव्हाही चर्चा भूखंडाची होते, घोड्यांची आणि त्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांची होत नाही. पाहुण्यांच्या नावांनी बातमी भरण्याच्या सवयीपुरते तरी महालक्ष्मी आणि झाडीपट्टी यांत फार अंतर नाही.

नोंद नसण्याची खरी किंमत पटाने बंदीच्या काळात मोजली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे प्रदर्शन करण्यास व त्यांना खेळासाठी प्रशिक्षण देण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यती यांवर बंदी घालणारा निकाल दिला. त्या खटल्यात प्राणी कल्याण मंडळाच्या निरीक्षकांचे अहवाल न्यायालयापुढे होते आणि त्यांत बैलांच्या शेपट्या पिरगाळणे, त्यांना टोचणे यांसारख्या क्रूर प्रकारांचे वर्णन होते. अशी क्रूरता घडत नव्हती असे म्हणता येणार नाही. टोकदार आर लावलेली काठी पटावरही चालत होती. पण कोणत्या गावचा पट ती वापरू देत नाही, कोठे धाव लहान ठेवतात, कोठे दमलेली जोडी पंच परत पाठवतात, याविषयी वर्षानुवर्षांच्या बातम्यांमधून दाखवता येईल असा पुरावा कोणाकडेही नव्हता, कारण त्या बातम्यांत उद्‌घाटकाखेरीज काही नव्हते. चांगला पट आणि वाईट पट यांत फरक करण्याचे साधन वृत्तपत्रांनी तयार केले नव्हते, त्यामुळे दोन्ही एकाच तराजूत तोलले गेले.

त्यानंतरच्या वर्षांत बातमीची जागाच बदलली. पट जिल्हा पानावरून उठला आणि गुन्हेवृत्तात गेला. लपून भरवलेल्या शर्यतींवरील छापे आणि आयोजकांवरील गुन्हे एवढ्याच निमित्ताने त्याचे नाव छापून येऊ लागले. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या अंमलाला स्थगिती दिली, प्रकरण दिल्लीला गेले, आणि राज्य शासनाने बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयी तज्ज्ञांचा अहवाल पुढे केल्यानंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटक यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. हा सारा प्रवास मराठी माध्यमांनी संस्कृती विरुद्ध क्रूरता अशा दोन बाजूंच्या भांडणाच्या रूपाने मांडला. दूरचित्रवाणीच्या चर्चेत एका बाजूला शर्यतीचा समर्थक पुढारी आणि दुसऱ्या बाजूला प्राणिमित्र बसवला जाई. ज्याच्या गोठ्यात जोडी आहे, जो तिला पहाटे उठून सरकी-ढेप चारतो आणि धुरेवर बसतो, त्याला तेथे खुर्ची नसे. निकालाच्या दिवशी गुलाल उधळल्याची दृश्ये आली, परंतु न्यायालयाने मान्य केलेल्या नियमांत नेमके काय आहे, हे समजावून सांगणारे लेखन फार थोडे झाले.

एखाद्या ग्रामीण शर्यतीत वेळेची नोंद असली तर काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण किनारी कर्नाटकातील कंबळा या म्हशी-रेड्यांच्या शर्यतीने दिले. कंबळात चिखलाच्या धावपट्टीवर रेड्यांची जोडी पळते आणि तिच्यामागे दोर धरून माणूस धावतो. मंगळुरूजवळच्या ऐकळ येथे फेब्रुवारी २०२० मध्ये श्रीनिवास गौडा या धावपटूने १४२.५ मीटरचे अंतर १३.६२ सेकंदांत कापल्याची नोंद झाली, कोणी तरी त्यावरून १०० मीटरला ९.५५ सेकंद असा हिशेब मांडला, आणि उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमाशी तुलना करणाऱ्या बातम्या जगभर गेल्या. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी त्याच्या चाचणीची तयारी दाखवली. गौडाने ती नम्रपणे नाकारली. हा हिशेब शास्त्राला धरून नव्हता, कारण जनावराच्या ओढीने धावणारा माणूस आणि स्वतःच्या बळावर ठोकळ्यावरून सुटणारा धावपटू यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही त्या घाईतून एक गोष्ट उघड झाली : कंबळाच्या आयोजकांनी अंतर आणि वेळ मोजून ठेवली होती, म्हणूनच एका बांधकाम मजुराचे नाव देशाला कळले. झाडीपट्टीतल्या एकाही धुरकऱ्याच्या वाट्याला हे आलेले नाही.

असे असले तरी पटाला स्वतःचे माध्यमच नाही असे समजणे चूक ठरेल. त्याचे पहिले माध्यम म्हणजे भोंग्यावरून बोलणारा निवेदक. कोणती जोडी कोणत्या गावची, मागच्या पटावर तिने कोणाला हरवले, कोणता बैल डावीकडे ओढतो, धुरकरी नवा की जुना, हे सारे तो झाडीबोलीत, सलग आणि न अडखळता सांगत असतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचा शब्दसंग्रह आणि लोकवाङ्मय गोळा करण्याचे मोठे काम केले. निवेदकाचे हे बोलणे त्याच संग्रहाच्या मोलाचे आहे, कारण बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, चाल आणि स्वभाव यांसाठी प्रमाण मराठीत नसलेले शब्द तेथे जिवंत वापरात असतात. बातमी लिहिताना हीच भाषा प्रथम गाळली जाते आणि तिच्या जागी ‘बैलजोड्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फेडले’ असे वाक्य येते, जे कोणत्याही जिल्ह्यातल्या कोणत्याही शर्यतीला लागू पडते.

दुसरे माध्यम म्हणजे पटाची पत्रिका, अर्थात रंगीत छापील हस्तपत्रक. हिच्यावर तारीख, गाव, गटांनुसार बक्षिसे, प्रवेश शुल्क आणि रात्रीच्या नाटकाचे व कंपनीचे नाव असते. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत आणि हंगामात गावोगावची मंडळे तेथेच नाटके ठरवतात. या रंगभूमीला अलीकडे माध्यमांनी बऱ्यापैकी न्याय दिला. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाल्यावर राज्यभरच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर लिहिले, विद्यापीठांत तिच्यावर प्रबंध झाले. तिच्याच गावात दिवसा होणारा पट मात्र त्या लेखांमध्ये एका उपवाक्यापुरता येतो. वास्तविक एकाच गर्दीवर, एकाच वर्गणीवर आणि एकाच पत्रिकेवर चालणाऱ्या या दोन गोष्टी आहेत. पट बंद असताना नाटकाला केवळ स्वतःच्या बळावर प्रेक्षक जमवावा लागला, आणि दोहोंचा हा आर्थिक संबंध मुळातून मांडणे हा एखाद्या दिवाळी अंकातील स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तिसरे आणि आज सर्वांत प्रबळ माध्यम म्हणजे भ्रमणध्वनीवरचे थेट प्रक्षेपण. बंदी उठल्यावर जो हंगाम सुरू झाला त्यात ड्रोन कॅमेरे आणि यूट्यूब वाहिन्या पटावर दाखल झाल्या. पश्चिम महाराष्ट्रात याचा परिणाम इतका झाला की बकासूरसारखा बैल नावाने ओळखला जाऊ लागला, त्याच्या धावांच्या चित्रफिती लाखोंनी पाहिल्या आणि त्याच्या प्रतिमेचे फलक गावोगावी लागले. वृत्तपत्रांनी जे नाव कधी छापले नव्हते ते या वाहिन्यांनी घराघरांत नेले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. संथगतीच्या चित्रणामुळे निकालावरचे तंटेही कमी झाले. पण चित्रफीत ही नोंद नव्हे. तिच्यात धावपट्टीची लांबी नसते, तारीख बहुधा शीर्षकात अर्धवट असते, आणि पंचवीस पटांच्या चित्रफिती एकत्र ठेवल्या तरी एखाद्या जोडीचा हंगाम कसा गेला हे सांगता येत नाही. शिवाय प्रेक्षकसंख्या वाढवण्याच्या ओढीत उलटलेला छकडा आणि गर्दीत घुसलेली जोडी यांची दृश्ये सर्वांत पुढे जातात, आणि हाच मजकूर उद्या न्यायालयात पटाविरुद्ध उभा राहील याचे भान राहत नाही.

वृत्तपत्रांच्या पानांवर जागेची टंचाई आहे हे खरे. पण गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत टंचाई जागेपेक्षा दृष्टीची अधिक आहे. गडचिरोलीचे नाव राज्याच्या पानावर येते ते चकमक, आत्मसमर्पण, सुरजागडचे लोहखनिज किंवा रानटी हत्ती यांच्यामुळे, आणि चंद्रपूरचे येते ते वाघाच्या हल्ल्यामुळे, ताडोब्यामुळे किंवा प्रदूषणामुळे. या बातम्या आवश्यकच आहेत, त्यांतल्या कित्येकांमागे बातमीदाराने पत्करलेला धोका आहे. पण त्यांच्या ओझ्याखाली येथील माणसाचे खेळणे दिसेनासे झाले. गडचिरोली पोलीस दलाने अलीकडे भरवलेल्या महामॅरेथॉनचेच पाहावे : हजारो तरुण-तरुणी, त्यांत दुर्गम तालुक्यांतली आदिवासी मुले, धावायला येतात, आणि बातमी मात्र शांततेच्या संदेशाची आणि हिरव्या झेंड्याची होते. पहिल्या आलेल्या मुलीने किती मिनिटांत अंतर कापले, ती कोणत्या आश्रमशाळेची, तिच्या सरावाची सोय काय, हे विचारले तर त्यातून राज्याला एखादी धावपटू मिळू शकेल. बैलाची असो की माणसाची, धाव मोजण्याची सवय एकच आहे.

ही सवय लावणे आता पूर्वीइतके अवघड नाही, कारण नियमांनीच कागद तयार केला आहे. पट भरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी करावी लागते, आणि शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाकडे देण्याची अट आहे. म्हणजे कोणत्या गावी किती जोड्या उतरल्या, किती अपात्र ठरल्या, कोठे इजा झाली, याचा मूळ दस्तऐवज प्रत्येक हंगामात तयार होऊ शकतो. बातमीदाराने तो मागायचा आहे. पशुवैद्यकाने परत पाठवलेली जोडी ही पहिल्या बक्षिसाइतकीच मोठी बातमी आहे, आणि ज्या मंडळाने आर लावलेली काठी हातातून काढून घेतली त्या मंडळाचे नाव उद्‌घाटकाच्या आधी छापले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटावर महिला धुरकरी उतरतात आणि त्यांची छायाचित्रे दरवर्षी नवलाची म्हणून छापली जातात. त्यांच्या वेळा पुरुषांच्या वेळांशेजारी छापल्या तर नवल संपेल आणि कसब दिसू लागेल.

नोंदीचा उपयोग पटापुरता राहणार नाही. गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीच्या नावाने ओळखली जाणारी कठाणी ही गोवंशाची स्थानिक जात आता राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. अंगाने लहान, काटक, चिखलणीच्या कामाला आणि कमी चाऱ्यावर टिकायला योग्य अशी तिची ख्याती आहे. ट्रॅक्टर बांधीत उतरल्यापासून बैल ठेवण्याचे कारण कमी होत चालले आहे, आणि पटाची हौस हे उरलेल्या थोड्या कारणांपैकी एक आहे. ही हौस स्थानिक जातीला जगवते की बाहेरून आणलेल्या महागड्या खिलार बैलांकडे पैसा वळवून तिला मागे ढकलते, हा पशुसंवर्धनाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पटावर उतरणाऱ्या प्रत्येक जोडीची जात, वय, गाव आणि वेळ दहा हंगाम सलग लिहून ठेवली तरच मिळेल.